आळंदीचे मास्टर कृष्णराव

आळंदी म्हटले, की वारकऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती माउलींची समाधी. मग अजानवृक्ष, सुवर्णपिंपळ, इंद्रायणीचा घाट आणि कार्तिक वद्य त्रयोदशीची ती दाटी. इतके सगळे आठवल्यावर आणखी काही आठवावयास मनात जागाच उरत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु याच आळंदीत २० जानेवारी १८९८ रोजी एक मूल जन्मास आले आणि त्या मुलाने पुढे जे सूर दिले, ते आज आपल्यापैकी पुष्कळांच्या तोंडी आहेत. ते कोणाचे, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. हे मूल म्हणजे कृष्णाजी गणेश फुलंब्रीकर. महाराष्ट्राने ज्यांना मास्टर कृष्णराव या नावाने ओळखले ते. त्यांचे चरित्र या अंकात वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

कोणी म्हणेल, हे तर नाटकवाले आणि सिनेमावाले! त्यांचे चरित्र या मासिकात कशाला? शंका रास्त आहे. भजनात सिनेमाच्या चाली शिरल्या, हे गाऱ्हाणे आपण सगळेच करतो. आम्हीही करीत आलो आहोत. गावोगावच्या हरिनाम सप्ताहात कालपरवाच्या चित्रपटातल्या गाण्याची चाल अभंगावर चढविलेली ऐकली, की जीव कासावीस होतो. अभंगाचे मोजमाप ठरलेले. मोठ्या अभंगाच्या चरणात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे. त्यामुळे एक चाल बसली की तीच हजार अभंगांना बसते. ही सोय मोठी, तसा धोकाही मोठा. तेव्हा ज्या माणसाने चित्रपटांना चाली दिल्या त्याच्याकडेच एकदा नीट पाहावे, असे आमच्या मनात आले. पाहू गेलो, आणि आमच्या गाऱ्हाण्याची दिशाच थोडी बदलली. ती कशी, ते ओघाने येईलच.

कृष्णरावांचे घराणे वेदविद्येचे. म्हणजे शब्दाचा उच्चार, त्यातले ऱ्हस्वदीर्घ, त्याचा चढउतार यांचे संस्कार घरातच. गोड गळा आणि चलाख बुद्धी घेऊन हा मुलगा लहान वयातच, १९११ च्या सुमारास, नाट्यकला प्रवर्तक संगीत मंडळीत दाखल झाला. त्या काळी नाटक मंडळीतील गाणाऱ्या मुलांना मास्टर म्हणण्याची चाल होती. इतरांचे मास्टरपण मिसरूड फुटले की गळून पडत असे; यांचे मात्र जन्मभर टिकले. या मंडळीत त्यांची जी भूमिका गाजली ती ऐकून वारकऱ्याच्या मनाला बरे वाटेल. ती भूमिका होती संत सखूची. सासुरवासाने गांजलेली, पंढरीला जाणारी दिंडी दिसताच घागर टाकून धावलेली कऱ्हाडची सखू, आणि तिच्यासाठी सून होऊन तिच्या घरी राबलेला पांडुरंग, ही कथा आपल्या घराघरांतली. आळंदीच्या मुलाने रंगभूमीवर प्रथम नाव मिळविले ते या सखूच्या रूपाने. पुढे तेहेतीस वर्षांनी दुसऱ्या एका संताच्या रूपाने ते पडद्यावर दिसावयाचे होते. पण ते मागाहून.

याच सुमारास त्यांना गुरू लाभले, आणि लाभले तेही भास्करबुवा बखले यांच्यासारखे. भास्करबुवांनी फैज महंमदखाँ, आग्रा घराण्याचे नत्थनखाँ आणि जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँ अशा तीन ठिकाणी विद्या मिळविली होती. तीन नद्यांचे पाणी एका घागरीत आले होते म्हणा ना! पुण्यात त्यांनी गायन शिकविण्याची संस्था काढली; तीच पुढे भारत गायन समाज या नावाने प्रसिद्ध झाली. बालगंधर्व आणि गोविंदराव टेंबे यांनीही भास्करबुवांना गुरुस्थानी मानले. या गुरुगृही कृष्णराव शिकले, गुरूंच्या मागे तंबोरा घेऊन बसले आणि बुवा नाटकांच्या पदांना चाली देत असत तेव्हा त्या कामी त्यांचा उजवा हात बनले. ८ एप्रिल १९२२ रोजी भास्करबुवा निवर्तले. शिष्याचे वय तेव्हा अवघे चोवीस. गुरूंच्या मागे नाटकांना चाली देण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि भारत गायन समाजाची धुराही त्यांनी पुढे पुष्कळ वर्षे वाहिली.

त्यांच्या स्वतःच्या गाण्याबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. कृष्णरावांचे गाणे चपळ आणि हसतमुख. एखादी जागा घेता घेता अशी काही कलाटणी द्यावयाची, की ऐकणाऱ्याला वाटावे आता हा समेवर कसा येतो. आणि तोवर हे अगदी सहज समेवर येऊन पुन्हा मोकळे! मंगल तोडी, तिलक केदार, शिवकल्याण असे नवे रागही त्यांनी बांधले. रागांची आणि चिजांची माहिती स्वरलिपीसह देणारे 'रागसंग्रह' नावाचे सात भाग त्यांनी प्रसिद्ध केले. ज्या काळी घराण्याची चीज गळ्यातून बाहेर पडू नये म्हणून जपत असत, त्या काळी ती छापून कोणाच्याही हाती देणे, यातच या माणसाचा स्वभाव दिसतो. विद्या कोंडून ठेवण्याकडे त्यांचा ओढा नव्हता. आपल्याला जे मिळाले ते चार लोकांच्या तोंडी गेले पाहिजे, ही त्यांची जन्माची खोड.

गंधर्व नाटक मंडळीत त्यांनी भूमिकाही केल्या आणि संगीतही दिले. १९२६ च्या 'मेनका' पासून पुढच्या अनेक नाटकांतील चाली त्यांच्या. आम्हा वारकऱ्यांना त्यांतले एक नाटक विशेष जवळचे. ना. वि. कुलकर्णी यांचे 'संत कान्होपात्रा' १९३१ साली रंगभूमीवर आले. मंगळवेढ्याच्या गणिकेची ती मुलगी. रूप हाच तिचा वैरी. बादशहाचे शिपाई न्यायला आले तेव्हा पंढरीनाथाच्या पायांशी जिने प्राण ठेवला आणि जिच्या नावाचा वृक्ष आपण राउळात पाहतो, ती कान्होपात्रा. बालगंधर्व ही भूमिका करीत. नाटकात स्वतः कान्होपात्रेचे अभंग होते आणि चोखोबांचा जोहारही होता. त्यांना चाली द्यावयाच्या होत्या कृष्णरावांनी.

येथे जरा थांबून विचार करू. बालगंधर्वांसारखा गळा समोर, तिकिटे काढून आलेला रसिक प्रेक्षक समोर, आणि चाल देणाराही तीन घराण्यांची विद्या पचविलेला. अशा वेळी अभंगाची ठुमरी करून टाकण्याचा मोह कोणाला झाला नसता? पण कृष्णरावांनी अभंगाला अभंगच राहू दिले. ध्रुवपद असे ठेवले की ते एकदा ऐकून उचलता यावे. चरणाचा शब्द कोठे मोडला नाही, अक्षर चेपले नाही. आळवणीला जागा ठेवली. पण ती शब्द संपल्यावर, शब्दाच्या अर्थातून वाढलेली. शेवटी देवाला घातलेली ती हाक भैरवीत बांधली. हे नाटकाचे पद नाटकगृहात राहिले नाही. ते कीर्तनात आले, काकड्यानंतरच्या भजनात आले, देवळाच्या ओट्यावर आले. आज ते म्हणणाऱ्याला आपण नाटकाची चाल म्हणतो आहोत असे वाटतही नाही.

आता बोलपटांकडे वळू. दामले, फत्तेलाल, शांताराम आदी मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरास काढलेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यात आली. १९३५ साली प्रभातने बालगंधर्वांना घेऊन 'धर्मात्मा' हा बोलपट काढला, आणि त्याचे संगीत मास्टर कृष्णरावांकडे आले. चित्रपट होता आपल्या एकनाथ महाराजांच्या चरित्रावर. त्याचे नाव आधी 'महात्मा' असे ठेवलेले होते. परंतु त्या नावावरून गांधीजींची आठवण होते म्हणून सरकारी परीक्षकांनी ते बदलावयास लावले. नाथांनी अंत्यजांना पोटाशी धरले, त्यांच्या घरी पान मांडून जेवले, हा या चित्रपटाचा गाभा. जन्मभर स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावलेले बालगंधर्व येथे नाथ महाराज झाले होते. प्रभातमध्ये ते फार काळ रमले नाहीत. कृष्णराव मात्र तेथे रुजले.

नाटक आणि बोलपट यांत गाण्याच्या दृष्टीने केवढे अंतर आहे, हे नव्या वाचकांना सांगितले पाहिजे. नाटकात बालगंधर्वांना वन्समोअर मिळे, तेच पद पुन्हा पुन्हा रंगे, रात्र उलटून जाई. बोलपटात सगळा कारभार मिनिटांचा. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तेवढ्यात गाण्याचे तोंड, दोन अंतरे आणि वाद्यांचे तुकडे बसवावयाचे. तासभर एक राग मांडणाऱ्या गवयाला हे म्हणजे समुद्र तांब्यात भरण्यासारखे! कित्येक चांगले गवई येथे अडले. ते बोलपटाकडे तुच्छतेने पाहत परत फिरले, किंवा तेथे राहूनही मैफलच गात बसले. कृष्णरावांनी मात्र त्या तीन मिनिटांचा त्रास मानला नाही. आपल्या परंपरेत एक ओवी किती वेळाची असते? जात्याचा एक फेरा. तेवढ्यात माउलींनी काय काय सांगून ठेवले आहे!

'धर्मात्मा' नंतर १९३६ साली 'अमरज्योती', १९३७ साली 'वहाँ', १९३८ साली 'गोपाळकृष्ण', १९३९ साली 'माणूस' आणि १९४१ साली 'शेजारी' अशी त्यांची प्रभातमधील मालिका आहे. यांतील बहुतेकांच्या हिंदी आवृत्त्याही निघाल्या. त्यामुळे त्यांच्या चाली महाराष्ट्राबाहेर गेल्या. त्याच कंपनीत केशवराव भोळे हेही संगीत देत होते. १९३६ चा 'संत तुकाराम' त्यांचा. दोघांच्या वाटा वेगळ्या. भोळ्यांकडे प्रसंगाची बारीक उकल अधिक, तर कृष्णरावांकडे लयीचा आनंद अधिक. आम्हाला यांत डावे-उजवे करावयाचे नाही.

'गोपाळकृष्ण' मध्ये शांता आपटे राधा होत्या आणि बाळकृष्णाचे काम राम मराठे या मुलाने केले. हाच मुलगा पुढे कृष्णरावांचा शिष्य झाला आणि मोठा गवई म्हणून नावारूपास आला. या चित्रपटातला कृष्ण सिंहासनावरचा नाही, गाईंमागचा आहे. दहीकाल्यातल्या पेंद्याचा सोबती आहे. त्याची गाणीही तशीच, गवळ्यांच्या पोरांनी सहज उचलावी अशी. 'माणूस' या चित्रपटात एका कोठीवर गाणाऱ्या बाईच्या तोंडी एकच गाणे निरनिराळ्या प्रांतांच्या भाषांतून फिरते. ऐकायला आलेले लोक नाना प्रांतांचे, तेव्हा प्रत्येकाला त्याच्या बोलीत. भाषा बदलली की चालीचा पेहराव बदलतो, पण धागा तोच राहतो. विनोदाचे म्हणून केलेले हे गाणे; पण त्यातली करामत साधी नाही.

'शेजारी' चे महत्त्व आणखी वेगळे. एक हिंदू म्हातारा, एक मुसलमान म्हातारा, जन्माची मैत्री. गावात धरणाचे काम निघते, पैसा येतो, मने फुटतात, आणि शेवटी फुटत्या धरणात दोघे एकमेकांचा हात धरून जातात. देशात तेढ वाढत चाललेली असताना १९४१ साली हा चित्रपट आला. यात सगळा गाव मिळून गातो-नाचतो असे एक मोठे समूहगीत आहे, आणि ते फारच गाजले. कृष्णरावांची खरी शैली आम्हाला या समूहगीतात दिसते. एकाने ओळ सोडावयाची, दहांनी झेलावयाची, मग शंभरांनी. आणि प्रत्येक वेळी लय थोडी चढवावयाची. वाचकहो, हे कोठे पाहिले आहे आपण? वीणेकरी चरण म्हणतो, टाळकरी ध्रुवपद उचलतात, पखवाज दुप्पट होतो आणि मागे उभा असलेला, ज्याला धड सूर नाही असा म्हातारासुद्धा त्या लाटेवर चढतो. आळंदीच्या मुलाने दिंडीचे हे गुपित स्टुडिओत नेले, असे आम्हाला वाटते. हे आमचे अनुमान आहे, आणि आम्ही ते अनुमान म्हणूनच सांगतो. पण ज्याने आयुष्यात एकदा जरी वारी केली आहे त्याला हे पटावे.

१९४२ साली नाट्यनिकेतनच्या 'कुलवधू' नाटकाला त्यांनी चाली दिल्या. ज्योत्स्नाबाई भोळे यांनी गायिलेली त्यातली भैरवी घरोघर गेली. नाटकाचे दिवस सरले असे लोक म्हणत होते, त्या काळात या नाटकाने रंगभूमीला पुन्हा गर्दी दाखविली.

आणि १९४४ साल. राजकमल संस्थेचा 'भक्तीचा मळा' हा चित्रपट केशवराव दाते यांनी दिग्दर्शित केला. संत सावता माळी यांचे हे चरित्र. संगीत कृष्णरावांचे, आणि सावतोबांची भूमिकाही कृष्णरावांचीच! पंढरीला न जाता ज्यांनी अरणच्या मळ्यातच पंढरी केली, भाजीपाल्यात विठाबाई पाहिली, मोटेच्या आणि खुरप्याच्या तालावर नाम घेतले, ते सावता महाराज. याच चित्रपटाची 'माली' नावाची हिंदी आवृत्तीही निघाली. सखूची भूमिका करणारा पोर आता शेहेचाळीस वर्षांचा झाला होता आणि सावतोबा होऊन गात होता. सखू पंढरीसाठी घर सोडून धावली, सावतोबांनी पंढरीलाच घरी बोलाविले. या दोन भूमिकांच्या मध्ये त्यांचे निम्मे आयुष्य गेले.

येथवर नाव झाले, लौकिक झाला. आता ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी जिवाचे रान केले आणि ज्यात त्यांना मनासारखे यश आले नाही, ती सांगतो. ती म्हणजे वंदे मातरम्.

बंकिमचंद्रांचे हे गीत 'आनंदमठ' कादंबरीत १८८२ साली छापून आले, आणि स्वातंत्र्याच्या लढ्यात लोक ते म्हणत फटके खात आले. कृष्णरावांनी या गीताला झिंझोटी रागात चाल बांधली आणि ती ते आपल्या कार्यक्रमांतून गात. राग निवडतानाच त्यांचा हेतू दिसतो. झिंझोटी हा हलक्याफुलक्या धाटणीचा, सर्वसामान्यांच्या गळ्याला सोसेल असा राग. दरबारी कानड्यासारखा गंभीर राग घेतला असता तर वाहवा मिळाली असती. परंतु शाळेतल्या पोरांनी ते गावे कसे?

१४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री घटना समितीत सुचेता कृपलानी यांनी वंदे मातरम् गायिले. पण राष्ट्रगीत कोणते, हे ठरावयाचे होते. पंडित नेहरूंचा कल जनगणमनकडे होता. संयुक्त राष्ट्रसंघात १९४७ साली जनगणमन वाद्यवृंदावर वाजले होते आणि परदेशी लोकांना आवडले होते. राष्ट्रगीत हे बँडवर, वाद्यवृंदावर वाजविता आले पाहिजे, आणि वंदे मातरम् तसे वाजविणे अवघड, असा मुख्य आक्षेप होता. नेहरूंनी ऑगस्ट १९४८ मध्ये सभागृहात आपली बाजू मांडली तीही मुख्यतः याच मुद्द्यावर.

कृष्णरावांना हा आक्षेप मान्य नव्हता; पण त्यांनी भाषणे केली नाहीत, वर्तमानपत्रांतून भांडण मांडले नाही. बँडवर वाजत नाही म्हणता? मग वाजवूनच दाखवितो! हा त्यांचा बाणा. त्यांनी चालीला बँडला साजेल असे रूप दिले, बँडवाल्यांकडून ती बसवून घेतली, मुद्रिका तयार करविल्या, दिल्लीच्या वाऱ्या केल्या आणि घटना समितीच्या सभासदांपुढे ती वाजवून आणि गाऊन दाखविली. समूहाला म्हणता येते, वाद्यांवर वाजते, लय संचलनाला जुळते, हे सगळे त्यांनी सिद्ध करून दाखविले. परंतु निर्णय संगीतावर व्हावयाचा नव्हता. या गीताला काही मुसलमान पुढाऱ्यांचा जुना विरोध होता, राजकारणाचे इतरही धागे होते. २४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रबाबूंनी जाहीर केले, की जनगणमन हे राष्ट्रगीत, आणि वंदे मातरम् या गीताला त्याच्या बरोबरीचा मान. झाले. प्रकरण मिटले.

एखादा असता तर खचला असता. निदान कडवट झाला असता. ज्या चालीवर वर्षानुवर्षे खर्च केली ती बाजूला पडली. पण आम्हाला यातून वेगळेच दिसते. वंदे मातरम् सगळ्यांनी मिळून म्हणता येईल का, हा प्रश्न दिल्लीत विचारला गेला तो १९४८ मध्ये. कृष्णरावांनी तो स्वतःला कधीच विचारून ठेवला होता. जो सूर सगळ्यांना उचलता येत नाही तो राष्ट्राचा होत नाही, हे त्यांना मान्यच होते; त्यांचे म्हणणे एवढेच, की हा सूर सगळ्यांना उचलता येतो. हार झाली, पण ज्या कसोटीवर झाली ती कसोटी त्यांच्या जन्मभराच्या कामाचीच होती.

पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह नागपुरास १४ ऑक्टोबर रोजी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या वर्षी पाली भाषेतील बुद्धवंदना स्वरबद्ध करण्याचे काम बाबासाहेबांनी सांगितले ते मास्टर कृष्णरावांना. त्यांनी पालीतील शब्द समजून घेतले, त्यांचे उच्चार घोटले आणि मग चाल लावली. वेदपाठाच्या घरात जन्मलेला माणूस. पण त्याने हे काम आनंदाने केले. ज्यांच्या तोंडी ही वंदना जावयाची होती ती काही गवई मंडळी नव्हती. दिवसभर राबून संध्याकाळी एकत्र बसणारे स्त्रीपुरुष, आणि त्यांची मुले. त्यांना एका सुरात म्हणता आले पाहिजे, शब्द स्पष्ट उमटला पाहिजे आणि मन शांत झाले पाहिजे.

नाथांचे चरित्र ज्याने १९३५ साली स्वरांत बांधले त्याच्याकडेच हे काम एकवीस वर्षांनी चालून यावे, यात आम्हाला मोठे औचित्य दिसते. नाथांनी अंत्यजाच्या घरचे अन्न प्रेमाने घेतले. चोखोबांचा जोहार ज्याने रंगभूमीवर लाखोंच्या कानी घातला, त्याने त्याच समाजाच्या नव्या वंदनेला सूर दिला. आपण वारकऱ्यांनी मात्र या ठिकाणी थोडे खाली पाहावे. चोखोबांची समाधी महाद्वारापुढे बाहेरच राहिली, आणि त्यांच्या वंशजांना राउळाचे दार उघडावयास साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. सुरांना जे साधले ते आपल्या उंबरठ्यांना साधले नाही. असो. हे दुखणे आपलेच आहे. ते लपवून काय करावयाचे!

उत्तरायुष्यात मान आला. १९७१ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले, १९७२ साली संगीत नाटक अकादमीने आपले सर्वोच्च सन्मानाचे सदस्यत्व दिले. २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. आळंदीहून निघून पुण्यापर्यंतचाच प्रवास म्हणावयाचा. पण मधल्या शहात्तर वर्षांत हा माणूस रंगभूमी, बोलपट, मैफल, घटना समिती आणि बुद्धवंदना असे केवढे वळण घेऊन आला!

आता आरंभी जे गाऱ्हाणे मांडले त्याकडे येतो. सिनेमाच्या चालीने भजन बिघडते का? आम्ही आजवर बिनदिक्कत होय म्हणत होतो. कृष्णरावांचे चरित्र पाहिल्यावर मात्र म्हणावेसे वाटते, की चाल कोठून आली हे विचारू नये. ती काय करते ते पाहावे. कान्होपात्रेच्या अभंगाची चाल नाटकातून आली, आणि तिने कान्होपात्रेची हाक खेड्यापाड्यांत नेली. ती चाल म्हणताना कोणाला नाटक आठवत नाही, पांडुरंगच आठवतो. उलट, गाजलेल्या सिनेमाची चाल घेऊन आपण अभंग म्हणतो तेव्हा अभंग म्हणता म्हणता डोळ्यांपुढे नटनटी येतात आणि अक्षरांची ओढाताण होते, हे अभंगाचे हाल. तेथे चालीचा दोष नाही, आपल्या आळसाचा आहे. कृष्णराव चाल देत ती शब्द वाचून देत. आपण शब्द न वाचता चाल लावतो. एवढेच अंतर, पण त्या अंतरात सगळे आले.

तेव्हा भजनी मंडळांतील तरुणांना आमची विनंती आहे. नवी चाल बांधावयाची तर खुशाल बांधा. वारकरी संप्रदायात नव्या चालीला कधी बंदी नव्हती. पण बांधण्यापूर्वी अभंग दहा वेळा नुसता वाचा. मग चाल लावा आणि फडाच्या अगदी शेवटच्या रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे पाहा. दुसऱ्या आवर्तनाला त्याचे टाळ वाजू लागले, ओठ हलू लागले, तर चाल जमली समजा. तो नुसता तोंडाकडे पाहत उभा राहिला, तर चाल कितीही गोड असो, ती सोडून द्या. आळंदीच्या या मास्टरांनी जन्मभर ज्या शाळेत शिकविले तिचा पहिला धडा हाच, आणि तो त्यांनी आपल्याच अंगणातून उचलून नेला होता. आता तो परत घरी आणणे आपल्याकडे लागले.

रामकृष्णहरि.